वतन गेले, घरातील वतनदारी केव्हा जाणार?

राजगुरुनगरच्या दुय्यम निबंधक कचेरीबाहेर कामाच्या दिवशी सकाळी एक देखावा हमखास दृष्टीस पडतो. मोटार येऊन थांबते. पुढून दोघे भाऊ उतरतात, मागून त्यांची बहीण उतरते. तिच्या अंगावर नवे लुगडे किंवा नवी साडी असते. कागद आधीच टंकलिखित करून ठेवलेला असतो. त्यात लिहिलेले असते की, लिहून देणार हिने वडिलार्जित मिळकतीतील आपला हक्क राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि कोणताही मोबदला न घेता भावांच्या लाभात सोडून दिला आहे. बहीण विचारते, "कुठं करू ?" भाऊ बोट दाखवितो. ती अंगठा उठविते किंवा शाळेत शिकलेली सही सावकाश करते. मग सर्वजण चहा घेतात आणि तिला एस. टी. स्थानकावर पोहोचविण्यात येते. येताना ती वारस होती; जाताना ती पाहुणी झालेली असते.

ह्या तालुक्याच्या न्यायालयात वकिली करताना असे प्रसंग मी वीस वर्षे पाहत आलो आहे. सर्वच समाजांत ते घडतात. परंतु ज्या मोटारीच्या काचेवर निळ्या अक्षरांत 'जय भीम' लिहिलेले असते, तिच्यातून अशी बहीण उतरली म्हणजे मला मान खाली घालावी लागते. ती का घालावी लागते, हे आज मला आपणास सांगावयाचे आहे. मला जे सांगावयाचे आहे ते केवळ दुसऱ्याच्या घराचे नाही. माझ्या घराचे आहे, आणि त्यात माझा स्वतःचा अपराधही आहे.

आपल्यापैकी अनेक कुटुंबे अलीकडेच धम्मदीक्षा घेतलेली आहेत आणि निरनिराळ्या जातींतून आलेली आहेत. त्या सर्वांना महार वतन म्हणजे काय होते हे ठाऊक असेलच असे नाही. म्हणून आधी तेवढे सांगतो. गावकीची आणि सरकारची चाकरी करण्याच्या बदल्यात दिलेला जमिनीचा तुकडा आणि घराघरांतून मिळणारे बलुते, ह्याला वतन म्हणत. सरकारी टपाल पुढच्या गावी पोहोचवावयाचे, आलेल्या अंमलदाराच्या दिमतीस राहावयाचे, दवंडी द्यावयाची, वेशीवर राखण करावयाची, मेलेले जनावर ओढावयाचे. ह्या कामाला वेळ नव्हता, काळ नव्हता. ज्याची पाळी असे तो घरी सापडला नाही, तर घरातील दुसऱ्याला जावे लागे. पोटापुरतेही न पिकणाऱ्या तुकड्यासाठी सबंध घराण्याने पिढ्यान् पिढ्या गहाण पडावयाचे, असा तो व्यवहार होता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ह्या गुलामगिरीवर पहिला कायदेशीर घाव १९ मार्च १९२८ रोजी घातला. त्या दिवशी त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. ते पार पडले नाही. १९३७ मध्ये निवडून आल्यावर त्यांनी तो प्रश्न पुन्हा हाती घेतला. अखेरीस मुंबई राज्याने कनिष्ठ ग्राम वतने नष्ट करणारा १९५८ चा कायदा केला आणि १ ऑगस्ट १९५९ पासून तो अमलात आला. तेव्हा बाबासाहेब आपल्यांत नव्हते. त्या कायद्याने चाकरी संपली, जमीन सरकारजमा झाली, आणि ज्या वतनदाराने जमिनीच्या पूर्ण आकाराच्या तिप्पट कब्जेहक्काची रक्कम भरली, त्याला ती नवीन व अविभाज्य शर्तीवर परत मिळाली. म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीवाचून ती विकता येत नाही आणि तिचे सरस-निरस वाटपही करता येत नाही.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, कारण ह्या लेखाचे सारे मर्म तिच्यात आहे. जुन्या वतन कायद्यात १८८६ साली इंग्रज सरकारने एक भर घातली होती. शेवटच्या पुरुष मालकाची विधवा सोडून, वतनदार घराण्यातील कोणत्याही स्त्रीचा वारसाक्रम त्या घराण्यातील वारस होण्यास पात्र असलेल्या प्रत्येक पुरुषानंतर येईल, अशी ती भर होती. सख्ख्या मुलीच्या आधी दूरच्या भाऊबंदाचा मान ! कारण उघड होते. वतन म्हणजे चाकरी, चाकरी पुरुषाने करावयाची, म्हणून जमीनही पुरुषाकडेच राहावयाची. वतन गेले, चाकरी गेली, बलुतेही गेले. पण १८८६ चा तो नियम कोणत्याही कायद्याचा आधार उरलेला नसताना आपल्या घराघरांतून अजून चालू आहे. गावाच्या वेशीवरची वतनदारी आपण मोडली. घराच्या उंबऱ्यावरची आपण जपून ठेविली आहे. एवढेच मला म्हणावयाचे आहे. पुढील हकीकत त्याचा पुरावा म्हणून देतो.

माझे आजोबा ह्याच तालुक्यातील, चाकणच्या बाजूस असलेल्या एका गावचे वतनदार महार होते. घराण्याच्या वाट्याला आलेली त्यांची जमीन तीन एकरांची. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांच्या हस्ते देहूरोड येथे बुद्धमूर्तीची स्थापना झाली, तेव्हा ते पायी तेथे गेले होते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरास जाण्याइतके भाडे त्यांच्यापाशी नव्हते. त्यांनी पुढे आपल्याच भागात दीक्षा घेतली आणि घरातील देव भीमेत सोडले. राजगुरुनगरावरून वाहणारी हीच भीमा खाली कोरेगावच्या रणस्तंभाजवळून जाते, हे ते आम्हां मुलांना पुन्हा पुन्हा सांगत. दीक्षेनंतर त्यांनी मेलेले जनावर ओढण्याचे नाकारले. गावाने काही महिने पिठाच्या गिरणीची वाट बंद केली. आजी जात्यावर दळू लागली. घर मोडले नाही.

१९५९ नंतर तिप्पट आकाराची रक्कम भरण्याची वेळ आली. ती रक्कम आजच्या मुलाला सांगितली तर तो हसेल. परंतु ज्या घरात रोख रुपया महिनोन् महिने दिसत नसे, त्या घराला ती डोंगराएवढी होती. ती भरता न आल्याने किंवा भरावी लागते हेच न कळल्याने कित्येकांच्या जमिनी तेव्हा हातच्या गेल्या. आमची राहिली. ती कशी राहिली, हे आम्हांला फार उशिरा कळले. ते योग्य ठिकाणी सांगतो.

दुसरे महायुद्ध संपल्यानंतर जगाच्या अनेक भागांत जो सुबत्तेचा काळ आला, त्याचा एक लहानसा ओघ पुण्याच्या उत्तरेस ह्या पट्ट्यात येऊन पोहोचला. युद्धामुळे खडकी-देहूरोडच्या लष्करी कारखान्यांत आणि कोठारांत आपल्या माणसांना आधीच मजुरी मिळू लागली होती. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि दुसऱ्या वर्षापासून तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. पाठोपाठ आकुर्डी, चिंचवड, भोसरी येथे मोटारी, स्कूटरी आणि त्यांचे सुटे भाग करणारे कारखाने उभे राहिले. १९७० मध्ये पिंपरी-चिंचवडला नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महानगरपालिका.

माझे वडील मॅट्रिक होऊन त्यांतील एका कारखान्यात लागले. कारखान्याच्या भोंग्याने जे केले ते गावाच्या चावडीने शतकानुशतके केले नव्हते : त्याने सर्वांना एकाच वेळी एकाच दारातून आत घेतले. पगाराच्या पाकिटावर जात लिहिलेली नसे. उपाहारगृहात पहिल्या काही महिन्यांत वडिलांच्या शेजारची जागा रिकामी राही. पुढे संघटनेच्या एका संपात त्याच जागेवर बसणाऱ्याने त्यांच्या ताटातील भाकरी खाल्ली. भाड्याची खोली, मग दोन खोल्या, सायकल, नंतर स्कूटर, भिंतीवर बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर, मुलांना इंग्रजी शिकविणारी शाळा, अशी आमच्या घराची चढण झाली. ही केवळ आमची कथा नाही. ओझरहून मुंबईस गेलेल्या एका बापाची आणि त्याच्या मुलांची हकीकत डॉ. नरेंद्र जाधव ह्यांनी १९९३ मध्ये 'आमचा बाप आन् आम्ही' ह्या पुस्तकातून मांडली, तेव्हा हजारो घरांना ती आपलीच वाटली. गाव सुटले, मजुरी लागली, शाळा मिळाली, नोकरी मिळाली : ह्या चार पायऱ्यांवरून आपल्या समाजाची एक सबंध पिढी वर आली.

ही चढण फुकटची नव्हती. धर्मांतर केल्याबद्दल कायद्याने आपणास दंडच केला होता. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीच्या सवलती बौद्धांस लागू नव्हत्या. विदर्भातील राखीव जागेवरून निवडून आलेल्या एका बौद्ध उमेदवाराची निवड, तो बौद्ध झाला एवढ्याच कारणावरून, सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये टिकू दिली नाही. महाराष्ट्र राज्याने आपल्यापुरत्या सवलती १९६० पासून दिल्या. केंद्राने त्यासाठी १९९० साल उजाडू दिले. तोवर आपल्या मुलांनी दोन नावांनी, दोन दाखल्यांनी दिवस काढले. इतके सोसून मिळविलेल्या गोष्टीची वाटणी आपण कशी केली, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

कारण चढण चढताना घरातील कोणी वर गेले, तर कोणी खाली शिडी धरून उभे राहिले. माझी आत्या वडिलांहून मोठी. तिला शाळेत घातले नाही, कारण धाकट्या भावांना सांभाळावयाचे होते. तिचे लग्न लवकर झाले. भाऊ पिंपरीस गेल्यावर पेरणी-काढणीस ती सासरहून येई. आजोबांचे अखेरचे आजारपण तिनेच काढले. १९८६ मध्ये आजोबा वारले. वारसनोंद झाली तेव्हा कब्जेदार म्हणून वडील आणि काका ह्यांची नावे लागली. आत्याचे नाव इतर हक्कांच्या रकान्यात लिहिले गेले. कोणी मुद्दाम केले असे नाही. 'अशीच पद्धत आहे' असे त्या वेळी सर्वजण म्हणाले. पद्धत म्हणजे १८८६ !

पुढे चाकणची दैना फिटली, की चाकणवर दैव कोसळले, हे ज्याचे त्याने ठरवावे. कांद्याच्या बाजारासाठी आणि संग्रामदुर्गासाठी ओळखले जाणारे ते गाव विसाव्या शतकाच्या अखेरीस औद्योगिक क्षेत्र झाले. १९९९ मध्ये तेथे बजाजचा कारखाना सुरू झाला. २००९ मध्ये जर्मन मोटारींचे कारखाने आले. पुणे-नाशिक रस्त्याच्या दुतर्फा ज्या जमिनीत बाजरी धड येत नव्हती, तिच्या गुंठ्याला लोक भाव विचारू लागले. वतनाच्या जमिनी बहुधा गावाच्या कडेच्या, हलक्या प्रतीच्या असत. गावाने आपणास कडेला ढकलले होते, आणि नेमकी ती कडच रस्त्याला लागली ! दलाल आले, विसारपावत्या आल्या, कुलमुखत्यारपत्रे आली. ज्यांच्यापाशी जमीन नव्हती त्या आपल्या बांधवांना त्याच कारखान्यांत कंत्राटी मजुरी मिळाली; ज्यांच्यापाशी होती त्यांच्या घरांत भांडणे मिळाली.

आमच्या तीन एकरांपैकी दोन एकर भूसंपादनात गेले. मोबदल्याची नोटीस आली ते साल २००७. मी विधी महाविद्यालयातून पदवी घेऊन नुकताच सनद मिळवून बसलो होतो. काका म्हणाले, "मोबदला दोन नावांवर सरळ निघावा. ताईचं एक हक्कसोड करून घेऊ. घरातच वकील आहे." घरातील वकील मीच होतो. मुलीला जन्मतः मुलाइतका हक्क देणारी दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आली आहे, हे मला ठाऊक होते. दुरुस्तीपूर्वी बाप वारला असेल तर मुलीला तो हक्क मिळतो की नाही, ह्याविषयी तेव्हा वाद निघू शकत होता; आणि तेवढा वाद माझ्या मनाच्या समाधानाला पुरला. पण दुरुस्ती बाजूस ठेविली तरी आत्या आजोबांची वारस होतीच, आणि हेही मला ठाऊक होते. तरीही तो कागद मी लिहिला. 'राजीखुशीने' हा शब्द मी लिहिला. आत्याला गाडीतून कचेरीत मी नेले. तिने विचारले, "कशाचा कागद रं बाळा ?" मी म्हणालो, "घरचाच आहे, आत्या." तिने अंगठा उठविला. आईने तिला साडीचोळी केली. त्या पैशांतून वडिलांचे घर झाले, काकांच्या मुलाची मालवाहू गाडी आली आणि माझ्या कचेरीचे टेबल व कायद्याची पुस्तके आली. त्या पुस्तकांत संविधानही होते.

पुढची तेरा वर्षे मी जयंतीच्या सभांत समतेवर व्याख्याने दिली.

२०२० च्या टाळेबंदीत घराची आवराआवर करताना आजोबांची पत्र्याची पेटी उघडली. तीत कब्जेहक्काची रक्कम भरल्याची जुनी, पिवळी पडलेली पावती निघाली. नाव आजोबांचे. मी वडिलांना सहज विचारले की, एवढे पैसे आजोबांनी तेव्हा आणले कुठून ? वडील पुष्कळ वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "ताईचे." आत्या आणि तिचा नवरा तेव्हा रस्त्याच्या कामावर खडी फोडीत होती. एका हंगामाची दोघांची मजुरी तिने आणून बापाच्या हातात ठेविली होती, कारण धाकट्या भावाची शाळा थांबू नये आणि बापाची जमीन जाऊ नये. 'मुलगी परक्या घरची' असे आपण म्हणतो. आमची जमीन त्या परक्या घरच्या पैशांनी वाचली होती ! पावतीवर नाव बापाचे, सातबाऱ्यावर नाव भावांचे, आणि तिच्या वाट्याला आला फक्त माझ्या कागदावरचा अंगठा.

मी आत्याकडे गेलो आणि सर्व सांगितले. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "मला कळलं नव्हतं असं नाही रं. तू वाचून दाखवशील म्हणून थांबले होते." ह्या एका वाक्यापुढे माझी सनद लज्जित झाली.

बंधुभगिनींनो, आता बाबासाहेबांकडे या. २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. त्याची कारणे अनेक होती. पण त्यांतील एक ठळक कारण हिंदू संहिता विधेयक बाजूस सारले गेले हे होते, आणि त्या विधेयकावरील रोषाचे एक मोठे कारण मुलीला वाटा देण्याची तरतूद हे होते. अस्पृश्यांचा हा पुढारी देशातील सर्व स्त्रियांच्या वाट्यासाठी मंत्रिपद सोडतो, आणि त्याच्या तसबिरीखाली बसून आपण बहिणीचे हक्कसोड लिहितो ! ह्याला काय नाव द्यावे ?

त्या विधेयकाचे तुकडे होऊन पुढे कायदे झाले. त्यांपैकी वारसा कायदा १७ जून १९५६ रोजी अमलात आला. म्हणजे नागपूरच्या दीक्षेच्या चार महिने आधी. त्या दिवसापासून बापाच्या स्वतःच्या मिळकतीत मुलगी मुलाच्या बरोबरीची वारस झाली. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत तिला जन्मसिद्ध हक्क देण्यास महाराष्ट्राने १९९४ मध्ये आरंभ केला, पण आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अटही गेली. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात ठरविले की, हा हक्क जन्माने मिळतो. २००५ मध्ये बाप जिवंत असला पाहिजे असे नाही. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटपे त्यामुळे उघडली जात नाहीत.

नवदीक्षितांनी येथे एक भय मनातून काढून टाकावे. 'बौद्ध झालास, आता बापाच्या जमिनीवर तुझा हक्क उरला नाही,' अशी धमकी काही भाऊबंद देतात. ती खोटी आहे. हा वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे असे त्याच्या दुसऱ्याच कलमात म्हटले आहे. धम्म स्वीकारल्याने मुलाचा हक्क बुडत नाही आणि मुलीचाही बुडत नाही. पहिले वाक्य ऐकताना आपले पुरुष माना डोलवितात. दुसरेही तितक्याच आनंदाने ऐकण्यास त्यांनी शिकले पाहिजे.

माझ्याकडे येणारे भाऊ जी कारणे देतात ती चारच आहेत. पहिले : 'तिच्या लग्नात खर्च केला.' लग्नाचा खर्च हा बापाने आपल्या प्रतिष्ठेसाठी केलेला असतो. भावाच्या लग्नातही तो होतो, आणि भावाचा वाटा कोणी त्यातून कापीत नाही. दुसरे : 'ती मागत नाही.' गावाची चाकरी करणारा आपला पणजाही काही मागत नव्हता. न मागणे म्हणजे संमती, असे जर मानले तर सर्व गुलाम संमतीनेच गुलाम होते असे म्हणावे लागेल. तिसरे : 'वाटा घेतला तर माहेर तुटेल.' ही तर उघड धमकी आहे. जे माहेर हक्क सोडल्यावरच उरते, ते माहेर नव्हे, भाड्याची खोली होय. चौथे : 'ही वतनाची जमीन आहे, ती पुरुषांची.' ह्याचे उत्तर मी वर दिले आहे. वतनाचा कायदाच गेला. वतन-निर्मूलनाच्या दुसऱ्या कायद्यांखालील एका खटल्यात १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की, एकाच्या नावे पुन्हा प्रदान झालेली जमीन त्या एकट्याची होत नाही. ती कुटुंबाची राहते. आणि मुलगी कुटुंबात आहे की नाही, हे आता कायद्याने ठरविले आहे.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. बापाच्या किंवा आईच्या मृत्यूनंतर वारसनोंदीच्या अर्जात मुलींची नावे मुलांच्या बरोबरीने, कब्जेदाराच्या रकान्यात घालण्याची मागणी करा. इतर हक्कांत नव्हे. फेरफाराची नोंद ही सारा वसुलीसाठी असते, तिने मालकी जन्मत नाही की मरत नाही. म्हणून नाव लागले नाही एवढ्याने बहिणीने हक्क गेला असे समजू नये. भगिनींनो, घरचा कागद आहे असे कोणीही सांगितले, मग तो वकील पुतण्या का असेना, तरी तो दुसऱ्या माणसाकडून वाचून घेतल्याशिवाय अंगठा उठवू नका. फसवून घेतलेला दस्त रद्द करून मागता येतो. पण फसवणूक कळल्यापासून साधारणपणे तीन वर्षांत दावा लावावा लागतो. एकत्र मिळकतीतून आपणास वगळले आहे हे कळल्यापासून वाट्याच्या दाव्याला बारा वर्षांची मुदत आहे. आणि वतनाच्या जमिनीचा कोणताही व्यवहार जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय करू नका. दलालाच्या घाईत बहिणीचा वाटाही जातो आणि जमीनही सरकारजमा होण्याची पाळी येते.

सगळेच कोर्टातून व्हावे असे माझे म्हणणे नाही. कोर्टात गेलेले घर क्वचितच जसेच्या तसे परत येते. म्हणून मी आपल्या भावांना सांगतो की, बहिणीला दावा लावण्याची पाळीच आणू नका. आपल्या विहारातून वर्षावासात ग्रंथवाचन होते. त्याच बैठकीत एक दिवस सातबाऱ्याचे वाचनही व्हावे. प्रत्येक घराने आपला उतारा आणावा आणि त्यावर किती लेकींची नावे आहेत ती मोजावीत. धम्माची परीक्षा ह्यापेक्षा सोपी नाही आणि ह्यापेक्षा कठीणही नाही.

आमच्या घराचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. जे खर्च झाले ते सर्व परत आणता आले नाही. वडिलांनी आणि मी मिळून मोबदल्यातील आत्याच्या तिसऱ्या हिश्शापैकी जेवढे उभे करता आले तेवढे तिला दिले. बाकी आमच्याकडे देणे आहे असे लेखी करून दिले. काकांनी आपला भाग अजून दिलेला नाही. आमच्या घरात त्यावरून अबोला आहे, आणि तो मला मान्य आहे. उरलेल्या एक एकराचा मात्र निर्णय झाला. त्यासाठी लागणारी सही काकांनीही केली. जमिनीला ते कबूल झाले, पैशाला नाही. परवानगीला वेळ लागला, हेलपाटे झाले. पण ती मिळाल्यावर नोंदणीकृत दस्त होऊन आत्याचे नाव कब्जेदार म्हणून लागले. त्या दिवशीचा दस्त तिला मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखविला. उतारा हातात आल्यावर तिने आपले नाव कुठे आहे ते विचारले. मी तिचे बोट धरून त्या जागेवर ठेविले. तिने ते बराच वेळ उचलले नाही.

आजोबांनी देव भीमेत सोडले, तेव्हा गाव त्यांच्याशी बोलेनासे झाले होते. ते एकटे उभे राहिले म्हणून आपण आज उभे आहोत. आपणांस तर फक्त एक कागद नीट लिहावयाचा आहे. तो लिहिण्याचे धैर्य आपल्या पिढीने दाखविले नाही, तर वतन गेले असे आपणास म्हणता येणार नाही; ते केवळ गावातून उठून आपल्या घरात राहावयास आले, असेच म्हणावे लागेल.

जय भीम.